चौथ्या खुर्चीवरचे ताता

माझ्या मुलीला तिच्या सख्ख्या आजोबांनी हरवलं, आणि त्याबद्दल मठातल्या मंडळींनी आजोबांना शाल द्यायचं ठरवलं. यावर मी भडकले तर घरात सगळ्यांचं म्हणणं, रेवाचा स्वभावच तापट. असेल. साताऱ्याची आहे मी, आणि इतकी वर्षं चेन्नईत राहून उकाड्याने स्वभाव थंड होत नाही, एवढं मला कळलंय.

आजोबा म्हणजे माझे सासरे, नारायणस्वामी राव. मी आणि माझा नवरा विजयेंद्र त्यांना अप्पा म्हणतो, आमची मुलगी संयुक्ता ताता म्हणते. चेन्नईजवळ आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या संरक्षण कारखान्यात ते हिशेब खात्यात होते. अंगाने काडी, कपाळाला गोपीचंदन, आवाज इतका मऊ की कुकरची शिट्टी झाली तर बोलणं अर्ध्यावर सोडून थांबतात. असा माणूस बॉक्सिंगचा पंच आहे, हे माझ्या भावाला अजून खरं वाटत नाही. कारखान्याच्या क्लबात स्पर्धा असायच्या, घड्याळ लावून बसायला कुणीतरी भरवशाचं हवं होतं, म्हणून अप्पा गेले आणि तिथेच रमले. पुढे परीक्षा देऊन पंच झाले. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या अंगावर हात टाकला नाही, पण कुणाचा ठोसा बसला आणि कुणाचा नुसताच वाजला, हे त्यांच्याइतकं कुणाला दिसत नसे.

हे लोक मूळचे तंजावरचे. मराठी बोलतात, पण ती मराठी ऐकून पहिलं वर्ष मी पदर तोंडाला लावून हसत असे. 'मी भात खाल्लों' म्हणतात, आणि त्या खाल्लोंला तमिळ हेल लावतात. संयुक्ता तीन भाषा एका वाक्यात बोलते आणि कुठलीच पुरी करत नाही.

ती लहान असल्यापासून आजा-नातीचा एक खेळ चाले. ऑलिंपिकच्या जुन्या लढती मोबाइलवर लावायच्या, आवाज बंद करून. गर्दी ओरडली की पंचाचा डोळा बिघडतो, असं अप्पांचं म्हणणं. मग प्रत्येक राउंडनंतर दोघांनी आपापले गुण सांगायचे. सोलमधली ती फायनल तर घरात सगळ्यांना पाठ झाली होती. ज्याने ठोसे मारून मारून समोरच्याला नकोसं केलं, तोच शेवटी हरला आणि यजमान देशाचा मुलगा जिंकला. अप्पा ती लढत बघून दर वेळी तितकेच दुखावत. "अमी पंच लोक चुकलों तर त्या मुलाचें आयुष्य जातें गे," असं मला सांगत, जणू सोलला तेच खुर्चीवर बसले होते. रिओ ऑलिंपिकमध्ये वादग्रस्त निकालांवरून काही पंचांना मधूनच घरी पाठवलं तेव्हा अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरात सुतक असल्यासारखा स्वयंपाक केला होता.

तर अशा घरात संयुक्ता बॉक्सर झाली यात नवल नाही. अप्पांनी तिला कधी शिकवलं नाही. शिकवायला सुष्मिता अक्का होत्या, स्वतः खेळून आलेल्या, कडक. पण प्रत्येक लढतीनंतर संयुक्ता आधी तातांकडे बघायची. ते म्हणाले तू जिंकलीस, की ती जिंकली. ते म्हणाले हरलीस, की स्पर्धेतला निकाल काही का असेना, ती गप्प बसून चुका ऐकायची. तिला स्वतःच्या हातांपेक्षा त्यांच्या डोळ्यांवर जास्त भरवसा होता.

राज्याच्या संघाच्या निवडीची फायनल चेन्नईतच होती, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. समोर एन्नोरची जननी. मासेमारी करणाऱ्या घरातली, दणकट आणि मनाची फार गोड मुलगी. त्या दिवशी पाच पंचांतल्या एकाला उलट्या सुरू झाल्या. दुसरा कुणी हजर नव्हता. अप्पा प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसले होते. मुख्य अधिकारी येऊन त्यांना म्हणाले, राव सर, तुम्ही बसा. अप्पांनी सांगितलं, निळ्या कोपऱ्यातली माझी नात आहे. ते हसून म्हणाले, ठाऊक आहे, आणि तुम्हीही आम्हाला ठाऊक आहात. जननीच्या कोचला विचारलं. तो म्हणाला, राव सर असतील तर काहीच हरकत नाही. अप्पा तरी नको नकोच म्हणत होते. शेवटी लढत रद्द होईल म्हटल्यावर उठले आणि चौथ्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथेच चुकलं. त्यांनी उठायला नको होतं, आणि मी त्यांचा सदरा धरून खाली बसवायला हवं होतं.

पहिला राउंड संयुक्ताचा, दुसरा जननीचा, यात पाचही पंचांचं एकमत झालं. म्हणजे सगळं तिसऱ्यावर, शेवटच्या राउंडवर आलं. तिसऱ्यात जननी सारखी पुढे येत होती. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पुढे येते तीच जिंकते आहे. पण तिचे ठोसे संयुक्ताच्या ग्लव्ह्जवर बसत होते, आणि त्यांना काही मोल नसतं, हे मला अप्पांनीच शिकवलेलं. संयुक्ता मागे सरकत होती आणि सरकता सरकता उजवा हात थेट गालावर ठेवत होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी आई आहे, माझं सोडा. पण घंटा झाल्यावर खुद्द जननीने तिला मिठी मारून कानात सांगितलं, तुझीच आहे ही लढत; हे मला मागून कळलं.

पडद्यावर आकडे आले. दोन पंच संयुक्ताकडे, दोन जननीकडे. चौथ्या खुर्चीचे दहा जननीला आणि नऊ संयुक्ताला.

रेफ्रीने जननीचा हात वर केला तेव्हा संयुक्ता पडद्याकडे नाही, चौथ्या खुर्चीकडे बघत होती. रडली नाही. तातांना तसंच दिसलं असणार, असा तिचा चेहरा झाला. 

त्यानंतर घरात वेगळीच तऱ्हा सुरू झाली. बातमी हॉलमधून तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या मठापर्यंत आमच्याही आधी पोचली. सख्ख्या नातीला सोडलं नाही, काय माणूस आहे, असं जो तो म्हणू लागला. गुंडोराव अप्पांचे बाळपणापासूनचे मित्र आणि मठाच्या कारभारातले. त्यांनी जाहीर केलं की आराधनेच्या, म्हणजे मठातल्या स्वामींच्या पुण्यतिथीच्या दिवशी नारायणस्वामीला शाल. अम्मांच्या चेहऱ्यावर तेज आलं. विजयेंद्र दोन्ही बाजूंनी मान हलवतो, तशी हलवत राहिला.

आणि संयुक्ताने ग्लव्ह्ज माळ्यावर टाकले. पुढच्या महिन्यात एक खुली निवड चाचणी होती, तिथून राष्ट्रीय शिबिरात जाता आलं असतं. सोमवारपर्यंत नाव द्यायचं होतं. सुष्मिता अक्का रोज फोन करत होत्या, ही उचलत नव्हती.

मी विचारलं, "अगं, पण का? जननीसुद्धा म्हणाली, तू जिंकलीस."

"जननी चांगली आहे आई. ती असंच म्हणणार." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मला वाटलं होतं, तो राउंड माझा. पूर्ण वाटलं होतं. आणि ताता म्हणाले, नाही. मग मला कळतच नाही ना, मी काय करते ते. ज्याला स्वतःचं कळत नाही त्याने रिंगमध्ये जाऊ नये."

रागावली असती तर मी समजूत घातली असती. तिला राग आलाच नव्हता. आजोबांवरचा विश्वास तसाच होता, गेला होता तो स्वतःवरचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती इथे.

अप्पांना मी एकदा दुपारी गाठलंच. ते मोबाइलवर तीच लढत बघत होते, आवाज बंद करून. तिसरा राउंड संपला की मागे नेऊन पुन्हा लावत होते.

"काय दिसतंय अप्पा?"

"जवळचा राउंड आहे," ते म्हणाले. "कसाही देता येतो. मी त्या वेळीं जननीस दिलों. खरेंच मज तसेंच दिसलें, रेवा."

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर अवघड होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. मी कॉफीचा पेला त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवला आणि आत निघून गेले.

आराधनेच्या दिवशी आम्ही सगळे मठात गेलो. संयुक्ताला मीच ओढून नेलं. रविवार होता. शाल संध्याकाळी, आरतीच्या वेळी द्यायची होती. दुपारी पंगत बसली. जमिनीवर केळीची पानं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि वाढायला घरोघरचे पुरुष, उघड्या अंगाने, पंचा कमरेला खोचून. अप्पांकडे हयग्रीवाचं पातेलं होतं. हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं आणि हात सैल सोडून तूप. संयुक्ताचा जीव की प्राण आहे तो पदार्थ.

अप्पा वाकून वाढत येत होते. प्रत्येक पानात भरलेला डाव पडत होता. माझ्या डावीकडे संयुक्ता आणि तिच्या पलीकडे गुंडोरावांची नात श्रीरंजनी होती, श्रीरंजनीच्या पानात ढीग पडला. मग संयुक्ता. अप्पांचा डाव भरूनच वर आला, पण पानाशी येता येता तो तिरका झाला, अर्धं पातेल्यात परत गेलं आणि उरलेलं पानात पडलं. माझ्याही पानात तेवढंच. अम्मांच्या पानात तर नुसतं बोटभर. मग पलीकडच्या परक्या बाईंच्या पानात पुन्हा भरलेला डाव.

"अम्मा," मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "हे काय? संपत आलंय का?"

"नाहीं गे. यांचें सदा असेंच." अम्मा अभिमानाने म्हणाल्या. "घरच्यांच्या पानांत कमी. यांचे वडील असेंच वाढायचे, त्यांचेही वडील. वाढणाऱ्यानें आपल्या माणसास जास्त वाढलें म्हणून कोणीं बोट दाखवूं नये. तुज आजवर दिसलें नाहीं?"

खरं तर मला कधी दिसलं नव्हतं. मला गोड फारसं आवडत नाही, कमी आलं तर बरंच वाटायचं. पण आता दिसलं, आणि मी हातातला घास पानात ठेवला.

अप्पा दुसऱ्या फेरीला आले तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, जरा थांबा. ही दोन पानं बघा."

"कोणतीं?"

"श्रीरंजनीचं बघा. आणि संयुक्ताचं बघा. दोन्हीकडे तुम्ही आत्ताच वाढलंय."

माझा आवाज चढलेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर घरात तसा आरोप झाला. अप्पांनी पाहिलं. एका पानात ढीग, शेजारच्या पानात नावाला. ते सवयीने म्हणायला गेले, "सगळ्यांस सारखेंच..." आणि थांबले. पंचाचे डोळे ते. समोर असलेलं त्यांना दिसणार नाही असं कसं होईल? त्यांनी अम्मांचं पान पाहिलं, माझं पाहिलं, पुन्हा संयुक्ताचं पाहिलं. संयुक्ता मान खाली घालून भाताशी खेळत होती, तिचं लक्षच नव्हतं.  पातेलं त्यांनी कुणाच्या तरी हातात दिलं आणि ते पंगतीतून बाहेर गेले. वाढणारा माणूस पंगत अर्धी टाकून कधी जात नाही. मागून गुंडोरावांनी हाक मारली तीही त्यांनी ऐकली नाही.

मी हात धुवायला गेले तर ते नळाशी उभे होते, तोंडावर पाणी मारत.

"माझा हात आपोआप जातो रेवा," ते म्हणाले. "मज कळतही नाहीं. त्या दिवशीं घंटा झाली, आणि बटन दाबायच्या आधीं माझ्या मनांत काय आलें सांगूं? लोक काय म्हणतील, हें आलें. नातीस दिलें म्हणतील. मग जननी पुढें येत होती तेवढेंच मज दिसूं लागलें. संयुक्ताचा उजवा हात दिसेचना."

आठवडाभर मी त्यांच्यासाठी शब्दांची धार लावून ठेवली होती. पण ओल्या तोंडाचे, ऐंशीला टेकलेले अप्पा समोर बघून मला त्यातला एकही शब्द वापरवेना. मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि मी पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"मला नका सांगू अप्पा. तिला सांगा."

"सांगितलें तर ती माझ्यावर पुन्हां कधीं विश्वास ठेवणार नाहीं."

"नाही ठेवणार कदाचित."

त्यांनी मान हलवली. त्यांना भीती शाल जाण्याची नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या जगात एक पोर त्यांच्या डोळ्यांनी बघत होती, आणि ती आता बघणार नव्हती.

संयुक्ता मठाच्या ओट्यावर बसली होती. इथे घराबाहेरच्या ओट्याला तिण्णै म्हणतात. समोर अरुंद गल्ली, दुपारची सुस्त. अप्पा तिच्याशेजारी जाऊन बसले. मी दारातच थांबले. ऐकायला नको होतं असं म्हणतात, पण मी तिची आई आहे आणि मी ऐकलं.

"कण्णा," अप्पा नेहमीच्या लाडाच्या हाकेने म्हणाले, "तिसरा राउंड तुझा होता."

संयुक्ता गल्लीकडेच बघत राहिली.

"मी चुकलों. जवळचा नव्हता तो. तुझा होता."

"ताता, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. पोदुम." पुरे, असं ती तमिळमध्ये म्हणाली.

"बरें वाटावें म्हणून मी कधीं गुण दिलों आहें काय? तुझ्या पांचव्या वाढदिवशीं तूं कागदाचे ग्लव्ह्ज घालून नाचलीस, तेव्हांसुद्धां सांगितलों, डावा हात खालीं पडतो म्हणून."

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

"मग त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं?"

"लोक दिसले," अप्पा म्हणाले. "तूं नाहीं दिसलीस."

एवढ्यात गुंडोराव पान चघळत बाहेर आले. "काय रे, पंगत सोडून काय पळालास? संध्याकाळीं पळूं नकोस हां. शाल आणून ठेवली आहे, कांचीहून."

"शाल नकों गुंडो," अप्पा बसल्याबसल्या म्हणाले. "लढत हिनें जिंकलेली होती. मी हिरावून घेतलों."

गुंडोराव गोंधळले. "पण ती तर तुझीच नात."

"म्हणूनच."

गुंडोरावांना ते काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, "ऊन लागलें तुज," असं पुटपुटत ते आत गेले. आत जाऊन ते काय सांगणार आणि अम्मांचा चेहरा कसा पडणार, हे मला दिसत होतं. अप्पांनाही दिसत असणार. ते हलले नाहीत.

"ताता, निकाल बदलेल?" संयुक्ताने विचारलं.

"नाहीं. तक्रार लढत संपल्यावर लगेच करायची असते. मी उद्यां जाऊन त्यांस सांगणार, मी चूक केलों, मज पुन्हां खुर्चीवर बसवूं नका म्हणून. पण जननी जाणार. तिचा तर कांहीं दोष नाहीं."

"तिचा नाही," संयुक्ता म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही माझे ताता नसता तर?"

 आत कुणीतरी भांडी आपटत होतं, त्या आवाजात अप्पांचा मऊ आवाज बुडाला असता, म्हणून तो थांबेपर्यंत ते थांबले.

"तर तूं जिंकली असतीस."

माझी मुलगी लढतीनंतर रडली नव्हती. आत्ता रडली, आणि साधीसुधी नाही, हातपाय आपटत, लहान असताना खेळणं हिसकावल्यावर रडायची तशी. "तुम्ही घेतलंत," म्हणाली. "माझं होतं आणि तुम्ही घेतलंत. मी किती दिवस मलाच वाईट म्हणत होते." अप्पा ऐकत होते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिने झटकला. पुन्हा ठेवला, पुन्हा झटकला. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, राग, बाई, चांगला राग. किती दिवसांनी घरात आला.

रडणं ओसरल्यावर तिने ओढणीने नाक पुसलं, फोन काढला आणि सुष्मिता अक्कांना लावला. तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, माझं नाव द्या. हो, उद्या पहाटे येते." पलीकडून अक्का बराच वेळ ओरडत असाव्यात. ती हो, हो म्हणत राहिली आणि तिने फोन ठेवला.

"ताता, मी तुमच्याशी बोलणार नाहीये."

"सरी."

"खूप दिवस नाही बोलणार."

"सरी, कण्णा."

ती उठली, चपला घातल्या, गल्लीत चार पावलं गेली. मग परत आली आणि तातांच्या शेजारी, होती तिथेच बसली. बोलली मात्र नाही. संध्याकाळी आरतीची घंटा होईपर्यंत दोघं तशीच बसून होती, आणि मी अम्मांना आतच थोपवून धरलं.